नाव काहीही असो

आजवर मी जे काही लिहिले ते कुठल्या ना कुठल्या कलमाखाली लिहिले. नोटिशीला उत्तर, विलंबाच्या माफीचा अर्ज, नोंदणीतल्या दुरुस्तीचे निवेदन. अशा लिखाणाच्या आरंभी संदर्भ क्रमांक असतो आणि मधल्या भागात माणूस आलाच तर तो 'करदाता' म्हणून येतो. लोटननानांविषयी लिहायला बसले तेव्हा प्रथम जाणवले ते हेच, की हा माणूस कुठल्याही कलमाखाली बसणारा नाही. तेव्हा जसे पाहिले तसे, जमेल त्या क्रमाने मांडते.

लोटननाना धुळ्याचे कर सल्लागार. सहाव्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचे कार्यालय होते. खाली दिवसभर हंडे-पातेली आदळत असत. वर नाना त्या आवाजावर आवाज चढवण्याऐवजी त्याच्याही खालच्या सुरात बोलत, त्यामुळे समोरच्या माणसाला पुढे झुकूनच ऐकावे लागे. ही त्यांची युक्ती होती की नुसती सवय, हे मला आठ वर्षांत कळले नाही. विक्रीकर, मग मूल्यवर्धित कर, मग वस्तू व सेवा कर असे तीन कायदे त्यांच्या टेबलावरून पुढे सरकले होते. टेबल मात्र तेच होते. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली रद्द झालेल्या कायद्याचे एक जाड पुस्तक घातलेले होते. कुणी त्याविषयी विचारले की नाना म्हणत, "कायदा रद्द झाला तरी त्याचा आधार जात नाही."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. सोळा वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवले; तासिका कमी होत होत एका वर्षी संपल्या. मग नव्या कायद्याची सल्लागाराची परीक्षा दिली आणि प्रमाणपत्रांची फाइल घेऊन तो जिना चढले. नानांनी फाइल उघडली नाही.

"फोनवर बोलता येतं का?" त्यांनी विचारले.

"भीती वाटते," मी म्हणाले.

"समोर बसलेल्या माणसाशी?"

"त्याहून जास्त."

"मग ऐकता येत असेल. उद्यापासून या. बोलणारे इथं पुष्कळ येतात."

जाताना मला राहवले नाही. माझ्या वयाच्या लोकांना या कामाचा वीस-वीस वर्षांचा अनुभव असतो, मी फार उशिरा सुरुवात करते आहे, असे काहीसे मी पुटपुटले. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कशाचा अनुभव, बाई? कायदाच आत्ता आला. मोठे सीए, आमच्यासारखे जुने, ऑफिसातले साहेब, बठ्ठा पहिलीमा शेतस, सगळे पहिलीत. तुम्ही उशिरा आलात हे खरं. पण शाळाच आज उघडली."

पूर्वी शिकवत होते हे कळल्यापासून ते मला 'बाई' म्हणू लागले आणि शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिले. कायद्यातला कुठलाही बदल त्यांना शाळेच्या भाषेतच दिसे. दर बदलले, नवा फॉर्म आला, की गल्लीतले दुकानदार वैतागून जिना चढत. नाना त्यांना आधी पाणी देत आणि म्हणत, "नवी इयत्ता. पाटी काढा." वैतागलेला माणूस पाणी पिईपर्यंत निम्मा शांत झालेला असे.

आयकराचा नवा कायदा येणार आणि त्यात एकच 'कर वर्ष' असणार हे जाहीर झाले त्या दिवशी तर ते लहान मुलासारखे खूश होते. जुन्या कायद्यात कमाईचे वर्ष वेगळे आणि आकारणीचे वर्ष वेगळे. नाना चाळीस वर्षे प्रत्येकाला दोन हात वर करून ते समजावत आले होते. डावा हात कमाईचा, उजवा आकारणीचा. समोरचा माणूस मान डोलवी आणि चलनावर हमखास चुकीचे वर्ष लिहून आणी. ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले.

"हा मोकळा झाला," ते म्हणाले. "आता बोलता बोलता चहा पिता येईल."

त्यांच्या दिवसाची सुरुवात हजेरीने होत असे. सकाळी मी संगणक सुरू करून एकेका पक्षकाराच्या खात्यात शिरायचे आणि नाना, हाताची घडी घालून, आठवणीने नावे पुकारायचे. नोंदणीत कुणी अमुक ट्रेडर्स असे, कुणी तमुक एंटरप्रायझेस. हजेरीत ती नावे कधी येत नसत.

"चष्मेवाले?"

"काही नाही."

"मसालेवाल्या वहिनी?"

"काही नाही."

"सायकलवाले?"

या तिसऱ्या नावापाशी त्यांचा आवाज किंचित थबके. त्यामागचा प्रसंग मला त्यांनी स्वतःच सांगितला होता. नव्या कायद्याच्या पहिल्या वर्षी नोटिसा टपालाने येणे थांबले आणि त्या पोर्टलवर येऊ लागल्या. नाना पोस्टमनची वाट पाहत राहिले. सायकल दुकानदाराला आलेली नोटीस पोर्टलवर पडून राहिली, मुदत संपली आणि त्याची नोंदणी रद्द झाली. नाना त्याच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "चूक माझी आहे. नोटीस आली होती, मी पाहिली नाही."

सायकलवाला बिचारा ओशाळला. "नाना, माले तं समजनंच नही व्हतं. तुम्ही सांगं नसतं तं मी सरकारलेच शिव्या दिध्या असत्या."

"म्हणूनच सांगितलं," नाना म्हणाले. "सरकारच्या वाटच्या शिव्या सरकारला जाऊ देत. माझ्या मला पाहिजेत."

नोंदणी परत मिळवायला त्यांना दोन महिने लागले. पण दुकानात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच हजेरी सुरू झाली, ती त्यांनी एकही दिवस चुकवली नाही.

नवा पक्षकार आला की ते त्याला धंद्याविषयी जो प्रश्न विचारत, तो मी दुसऱ्या कुठल्या कार्यालयात ऐकलेला नाही. एकदा साक्रीकडचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल.

"काय विकता, भाऊ?"

"ॲग्री ॲक्सेसरीज करतो."

"बरं. आणि घरी काय म्हणता? वहिनीने विचारलं, आज काय विकलं, तर काय सांगता?"

ते गृहस्थ अडखळले. माझ्याकडे एकदा पाहून घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दावं. कासरा. म्होरकी."

"मग असं सांगा ना. बैलाला ॲक्सेसरीज बांधल्या तर तो सुटून जाईल."

ते गृहस्थ मोकळेपणाने हसले आणि पुढचा अर्धा तास दोरांविषयी असे बोलले की मला लिहून घेताना पाने पुरेनात. ते गेल्यावर नाना म्हणाले, "माणूस आपल्या मालाला लाजला, बाई, की त्याचं नाव बदलतो. आणि नाव बदललं की कायद्याचं भलतंच पान उघडतं." त्या वेळी मी ते नुसते ऐकून घेतले. मला ते काम भाषेपेक्षा आकड्यांचे आणि क्रमांकांचेच वाटत होते.

गेल्या फेब्रुवारीत सुमनअक्का आल्या. शिरपूरपलीकडच्या एका गावात बारा बायकांचा गट, त्याच्या त्या प्रमुख. बिबड्या करतात. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की बिबडी म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचा पातळ, हाताने थापलेला, उन्हात वाळवलेला पापड. सुमनअक्कांबरोबर गटातल्या आणखी एक बाई होत्या. दोघी जिन्यानेच दमल्या होत्या, तरी खुर्चीवर न बसता अक्कांनी आधी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला.

"नाना, हाई काय शे ते सांगा. कंप्युटरवाला म्हने, मना हात जोडेल शेतस."

ती कारणे दाखवा नोटीस होती. गटाने ऑनलाइन विक्रीसाठी नोंदणी घेतली होती आणि ती करून देणाऱ्या संगणक केंद्रवाल्याने मोबाइल क्रमांक स्वतःचा घातला होता. नोटीस त्याच्याकडे आली आणि त्याच्याकडेच राहिली. उत्तराची मुदत टळून गेल्यावर, सुनावणीला आठ दिवस उरले असताना, त्याने ती छापून अक्कांच्या हाती दिली होती. पापडावर कर नाही, म्हणून गट बिबड्यांवर कर लावत नव्हता. पण पुडक्यावर इंग्रजीत छापले होते: 'ज्वार क्रिस्पीज, रेडी टू ईट'. नोटिशीचे म्हणणे सरळ होते. हा पापड नव्हे, हा तयार खाऊ आहे. गेल्या तीन वर्षांचा कर, व्याज आणि दंड का वसूल करू नये याचे कारण दाखवा.

नानांनी ती रक्कम त्यांना वाचून दाखवली. अक्कांनी एवढेच विचारले:

"ज्वारी भिजाडू का नको?"

प्रश्न साधा होता आणि त्यात सारे होते. बिबड्यांचा हंगाम उन्हाचा, जेमतेम अडीच महिन्यांचा. ज्वारीची पोती घरात येऊन पडली होती. ही वसुली लागली तर गटाचे सगळे भांडवल त्यात जाणार आणि त्यावर केलेली मेहनतही. निकाल लागेपर्यंत ज्वारीला पाणी लावायचे नाही, असे बायकांनी ठरवले होते. निकाल उन्हाळ्यानंतर लागला तर वर्ष गेले.

"गट मोडना तं बायका परत मजुरीले जातीन," अक्का म्हणाल्या. "दोन जनीस्नं तं घरमा पहिलेंगच कोनी ऐकत नही."

नानांनी पुडके हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "हे नाव कोणी सुचवलं?"

उत्तर दुसऱ्या बाईंनी दिले, मान खाली घालून. "आम्हीच, नाना. शहरमा बिबडी म्हनं का लोके हासतस."

मला वाटले, नाना आता रागावतील. त्यांनी विचारले, "आणि या नावाने विकली गेली का?"

"चांगली गयी."

"मग नाव चांगलंच होतं. फक्त खोटं होतं."

उत्तराचा मसुदा मी केला. दोन दिवस खपून चार पाने लिहिली. 'आंबविलेल्या ज्वारीच्या शिजवलेल्या पिठापासून सिद्ध केलेला व सूर्यप्रकाशात वाळविलेला पारंपरिक पदार्थ' अशी व्याख्या मला साधली होती आणि तिचा मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानही वाटत होता. नानांनी चारही पाने डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. त्यांची दृष्टी तेव्हा अधू होऊ लागली होती.

"सुंदर लिहिलंय, बाई. पण चार पानांत बिबडी कुठं दिसली नाही. ती बाहेरच उभी राहिली का?"

मी म्हणाले, सरकारी उत्तरात तो शब्द बरा दिसणार नाही. शिवाय अधिकारी या भागातले नाहीत, त्यांना तो कळायचा नाही.

"नाही कळला तर विचारतील. विचारलं की सांगता येतं. न विचारताच कळलं असं जिथं वाटतं, तिथं घोटाळा होतो." मग त्यांनी करमुक्त वस्तूंची यादी मागितली आणि एका ओळीखाली बोट धरले. "वाचा."

मी वाचले. पापड, मग तो कोणत्याही नावाने ओळखला जावो. खाण्यासाठी वाढला असेल तेवढा वगळून.

"हे मधले शब्द पुन्हा वाचा."

"कोणत्याही नावाने ओळखला जावो."

"हे कुणीतरी विचार करून घातलंय, बाई. दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी ठाऊक होतं, की देशात पापडाला शेकडो नावं असतील आणि ती सगळी आपल्याला माहीत नाहीत. आपल्याला माहीत नाही, एवढं त्याने कायद्यात लिहून ठेवलं. इतकी नम्र ओळ मी चाळीस वर्षांत दुसरी पाहिली नाही. आणि आपण त्या ओळीसमोर नाव लपवून जायचं?"

चार पानांचे दीड पान झाले. पहिल्या वाक्यात बिबडी होती, शेवटच्या वाक्यातही. पुडक्यावरचे नाव चुकीचे होते, ते आम्हीच छापले, हेही त्यात नानांनी लिहवून घेतले. मी म्हणाले, हे आपण होऊन कशाला सांगायचे? ते म्हणाले, "पुडकं त्यांच्या टेबलावर आहे, बाई. त्यांना वाचता येतं."

सुनावणी घेणारे अधिकारी तरुण होते. नव्यानेच बदलून आले होते, मूळचे कोकणातले. नानांनी उत्तर दिले आणि टेबलावर आधीच असलेल्या पुडक्याशेजारी रुमालात गुंडाळून आणलेली एक कच्ची बिबडी ठेवली. अधिकाऱ्यांनी विचारले, "हे क्रिस्पीज म्हणजे नेमकं काय असतं?"

"साहेब, ते मला सांगता यायचं नाही," नाना म्हणाले. "मी नुसता खाणारा. करणाऱ्या या आहेत."

सुमनअक्का उठून उभ्या राहू लागल्या, त्यांना साहेबांनी बसवले. मग अक्का बोलू लागल्या. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, कांडायची, लसूण-जिरे-तीळ-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, ओल्या कापडावर हाताने पसरायची. बोलता बोलता त्यांचे हात टेबलाच्या काचेवर गोल फिरू लागले. साहेबांनी मध्येच थांबवले.

"म्हणजे आधी शिजवलेलं असतं. मग तसंच खाता येतं?"

सगळे प्रकरण या एका प्रश्नात अडकले होते. तसेच खाता येते म्हटले, की तो तयार खाऊ झाला. मी नानांकडे पाहिले. त्यांनी बोलायला हवे होते. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"खातस ना, साहेब," अक्का म्हणाल्या. "वली ऱ्हास तव्हय पोरे उभ्या उभ्या खातस. तेल टाकीसन."

साहेबांनी पेन उचलले. "आणि ती ओली बिबडी तुम्ही विकता?"

अक्कांना हसू आले. पदर तोंडाला लावून त्या हसल्या, जसे कुणी भलतेच विचारल्यावर हसतात. "वली बिबडी कोन इकी, साहेब? ती घरनीच ऱ्हास. सांजलोंग वाळी जास. आम्ही इकतस ती वाळेल. ती भाजनी लागस, नही तं तळनी लागस. तशीच खाई तं दात पडतीन."

साहेबांनी रुमालावरची बिबडी उचलली, तिचा एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. बराच वेळ ते चावत राहिले. आम्ही तिघेही त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. अखेर त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"मग पुडक्यावर 'रेडी टू ईट' का लिहिलं?"

"लाज वाटनी, साहेब," अक्का म्हणाल्या. "आमना शब्दनी."

पंखा फिरत होता. साहेबांनी काहीतरी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. "आमच्याकडे तांदळाच्या करतात," ते मान वर न करता म्हणाले. "फेण्या म्हणतो आम्ही."

"तुमचंही नाव त्या ओळीत आलं, साहेब," नाना म्हणाले.

साहेब हसले नाहीत. जे छापले आहे ते आपल्याला दुर्लक्षिता येणार नाही, आदेश यथावकाश निघेल, एवढे सांगून त्यांनी आम्हाला निरोप दिला.

जिना उतरताना मी नानांना विचारले, की तुम्ही अक्कांना थांबवले का नाही. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. "खरं अर्ध्यात थांबवलं की ते अडचणीचं दिसतं," ते म्हणाले. "पुरं होऊ द्यायचं असतं." पण त्यांचा कठड्यावरचा हात घामाने ओला होता, हे मी पाहिले. त्यांनाही भीती वाटली होती. हे पाहून मला किती बरे वाटले, ते मी त्यांना कधी सांगितले नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे लांब गेले. मार्च तापू लागला. हजेरीत नवे नाव आले होते.

"बिबडी?"

"काही नाही."

दर दोन-तीन दिवसांनी अक्कांचा फोन येई. फोन मी घेत असे. तेवढे मला तोवर जमू लागले होते. "ताई, ज्वारी भिजाडू का?" मी नानांकडे पाही. ते मान हलवीत. "अजून नाही, अक्का," मी म्हणे. पलीकडून "बरं" एवढेच येई. एकदा अक्का म्हणाल्या, की शेजारच्या गावात सगळ्या अंगणांत बिबड्या वाळवायच्या खाटा पडल्या आहेत. त्या दिवशी नानांच्या टेबलावरचा चहा तसाच गार झाला.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी नानांनी "बिबडी?" म्हटले आणि मी नेहमीचे उत्तर दिले नाही. आदेश आला होता. दोन पाने होती. मी वाचून दाखवली. वस्तू पापड या वर्णनात मोडते; वेष्टनावरील चुकीचा मजकूर दुरुस्त करावा; मागणी रद्द करण्यात येत आहे. नाना म्हणाले, "पुन्हा वाचा. या वेळी पूर्णविरामांसकट."

मी फोन उचलला तर त्यांनी माझा हात थांबवला. "हे फोनवर सांगायचं नाही. नोटीस कागदावर गेली होती. हेही कागदावर जाईल."

इथे एक गोष्ट सांगून टाकते. नानांना डोळ्यांनी साथ देणे बंद केले होते आणि मे महिन्यात मुलाकडे सुरतेला जायचे त्यांचे ठरले होते. ते निघाले त्या दिवशी मी एका प्रकरणासाठी जळगावला होते. भेट झाली नाही. आता फोन येतो. नवा काय बदल झाला, विचारतात. मी सांगते, ते ऐकतात. ते खुशाल आहेत. पण मी त्यांना डोळे भरून पाहिले ते शेवटचे आदेश घेऊन आम्ही गेलो त्याच दिवशी, अक्कांच्या अंगणात.

आम्ही एसटीने शिरपूरला गेलो, तिथून रिक्षाने गावात. दुपार कलत होती. बाराही बायका जमल्या होत्या. नानांसाठी अंगणाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्यांनी आदेश उघडला, पण अक्षरे त्यांना दिसत नव्हती. मी मागे उभी राहून हळू आवाजात एकेक वाक्य इंग्रजीत वाचत गेले आणि ते मोठ्याने अहिराणीत सांगत गेले. वाक्य मोठे असले की ते थांबत, शब्द शोधत, मग पुढे जात. शेवटच्या ओळीपाशी ते जरा जास्तच थांबले. 'मागणी रद्द' याला त्यांना हवा तसा शब्द सापडेना. मग म्हणाले, "तुमनाकडे कोनंच काही देनं नही."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी डोळ्यांना पदर लावला नाही. अक्कांनी विचारले, "मंग ज्वारी भिजाडू ना?"

"भिजाडा."

त्या क्षणी बाराजणी उठल्या. पुढच्या पाच मिनिटांत त्या अंगणाचे जे झाले ते मी विसरणार नाही. भिंतीला उभ्या केलेल्या खाटा धुवायला खाली आल्या, कुणी पातेले ओढत आणले, दोघींनी एक पोते उचलले. पुडक्यावर आता बिबडी छापायचे की बिबड्या, यावर एकीकडे वादही सुरू झाला. नाना खुर्चीवर आदेश उघडून तसेच बसले होते.

"नाना, जरासा सरका. पोतं वतनं शे."

ते सरकले. तिथे खाट आली.

"नाना, तठे नका. पानी येस."

ते पुन्हा सरकले. तिसऱ्यांदा कुणी सांगायच्या आत ते स्वतःच उठले. आम्हाला परतीची गाडी गाठायची होती म्हणून मी रिक्षा पाहायला फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिले. अंगणभर ज्वारी पसरली होती, बायका ओणवून खडे वेचत होत्या, आपापसांत बोलत होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीचेही लक्ष नानांकडे नव्हते. आदेशाची घडी खिशात घालून, खुर्ची छातीशी उचलून धरून, ती कुठे ठेवावी ते न सुचल्याने लोटननाना भिंतीला लागून उभे होते, आणि एकटेच हसत होते.